हरकत नसल्यास

३ मार्च

सन्माननीय सहमालक यांस,

पत्राची सुरुवात कशी करावी या विचारात सकाळचा चहा गार झाला. ‘प्रिय’ लिहिलं तर तू म्हणशील, साखर पेरतोय. ‘चिरंजीव’ लिहिलं तर म्हणशील, मोठेपणा मिरवतोय. आईनं चौथ्या मजल्यावरचं घर आपल्या दोघांच्या नावावर केलं, एवढी एकच गोष्ट उरली आहे जिच्यावर तुझाही वाद नाही. म्हणून सहमालक.

आता मुद्दा. आई गेल्यापासून ते घर बंद आहे. मी ते भाड्यानं द्यायचं म्हणतोय. माणसं तीन. एक बाई, तिकडे शाळेत भूगोल शिकवायच्या. त्यांचे म्हातारे सासरे. आणि बाईंची आठ-नऊ वर्षांची मुलगी. ‘तिकडे’ म्हणजे कुठे ते लिहीत नाही, कारण त्या देशाला काय म्हणायचं यावर वाद घालण्यात आमच्या कचेरीत माझी निम्मी नोकरी गेली आणि अजून एकमत नाही. सध्या ही माणसं स्टेडियमखालच्या हॉलमध्ये, चादरींच्या भिंती करून राहतात. शेजारच्या चादरीतला माणूस घोरतो, असं बाई म्हणाल्या. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

आमच्या कचेरीतली पद्धत तुला ठाऊक आहे, तू तिची भरपूर चेष्टा केली आहेस. मसुदा सगळ्या देशांना पाठवायचा आणि खाली एक तारीख घालायची. त्या तारखेपर्यंत कुणी हरकत घेतली नाही, तर मसुदा सर्वांना मान्य. याला आम्ही मौनाची मुदत म्हणतो. ‘मौनं सम्मतिलक्षणम्’ हे आपले पूर्वज सांगून गेलेच होते, आम्ही फक्त त्याला तारीख लावली. निवृत्त होईपर्यंत मी कितीतरी करार असेच पार पाडले. देश एकमेकांशी सहमत होत नाहीत, पण आळशी मात्र सगळेच असतात.

तर, पंधरा मार्चपर्यंत तुझी हरकत आली नाही तर संमती आहे असं धरून चालेन. गेल्या दोन वर्षांत तू मला एक शब्द लिहिलेला नाहीस. पद्धतीच्या दृष्टीनं बघितलं तर तुझ्याइतका सहकार्य करणारा पक्ष मला उभ्या कारकिर्दीत भेटला नाही.

आपला,
दुसऱ्या मजल्यावरचा सहमालक


१६ मार्च

सन्माननीय सहमालक,

मुदत संपली. हरकत आली नाही. ठराव मंजूर. अभिनंदन! तू एका कुटुंबाला छप्पर दिलंस.

सामान फार नव्हतं. दोन पिशव्या, एक पातेलं आणि शाळेत असतो तसा गुंडाळीचा मोठा नकाशा. भूगोलाच्या बाईंनी तो आईच्या पलंगाच्या वरच्या भिंतीवर लावला, पण उलटा, कोरी बाजू बाहेर. मी म्हटलं, “बाई, उलटा लागलाय.” त्या म्हणाल्या, “सध्या हीच बाजू बरोबर आहे.”

आजोबांना, म्हणजे त्यांच्या सासऱ्यांना, आपल्या भाषेतले दोनच शब्द येतात, ‘शुभ सकाळ’. संध्याकाळीही ते हेच म्हणतात. बाकीचं नात सांगते. पोरगी इतकी भराभर भाषा शिकली आहे की आजोबा एक वाक्य बोलले की ती त्याची तीन करते. दुभाष्यांचा मला दांडगा अनुभव आहे, ही पुढे जाणार.

आता एक छोटीशी अडचण. पहिल्याच दिवशी आजोबांनी आईची हातांची खुर्ची ओढत बाहेर आणली, दाराशेजारी जिन्यात ठेवली आणि तिच्यात बसले. अजून बसलेले आहेत. दिवसा बसतात, रात्री बसतात. नात जेवणाचं ताट बाहेर आणून देते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला अर्धवट उठून ‘शुभ सकाळ’ म्हणतात आणि परत बसतात. का बसतात म्हणून बाईंना विचारलं, तर “त्यांना तिथं बरं वाटतं,” एवढंच म्हणाल्या आणि पातेलं घासायला लागल्या. मी पुढे विचारलं नाही. न विचारणं हे आमच्या धंद्यातलं अर्धं कसब.

इमारतीच्या लोकांना मात्र बरं वाटत नाही. समोरच्या दारातल्या गाण्याच्या बाई एकट्या राहतात हे तुला माहीत आहेच. त्या खाली येऊन म्हणाल्या, “दार उघडलं की हा माणूस! माझी हजेरी घेतो की काय?” मग आपल्या इमारतीचे अध्यक्ष आले. तळमजल्यावर चष्म्याचं दुकान असलेले तेच चष्मेवाले. तू गेल्यावर ते अध्यक्ष झाले, बिनविरोध, कारण सभेला दुसरं कुणी गेलंच नव्हतं.

“जिना सामायिक आहे,” ते म्हणाले. “सामायिक जागेत फर्निचर चालत नाही.”

“अहो, एक खुर्ची आहे.”

“खुर्ची म्हणजे फर्निचरच.”

“तिच्यात माणूस बसलाय.”

“मग फर्निचर आणि माणूस. दोन्ही चालत नाहीत.”

खुर्च्यांवरून भांडणाऱ्या माणसांना घाबरण्याचं माझं वय नाही. कोण कुणाच्या शेजारी बसणार नाही याच्यावर एक अख्खी शांतता परिषद आठवडाभर उभी राहिलेली मी पाहिली आहे, शब्दशः उभी. चष्मेवाल्यांना मी बघून घेईन. तू काळजी करू नकोस. करतच असशील तर कळव. नाही कळवलंस तर करत नाहीस असं समजेन.

आपला सहमालक


२९ मार्च

सहमालक,

(‘सन्माननीय’ गाळलं आहे. इतक्या पत्रांनंतर दोन्ही पक्षांत थोडी सलगी गृहीत धरायला हरकत नसावी.)

विजय! इमारतीत मी शांतता प्रस्थापित केली आहे आणि इमारतीला त्याचा पत्ताही नाही. उत्तम मुत्सद्देगिरीचं हेच लक्षण.

झालं असं की चष्मेवाल्यांनी सभा बोलवायच्या आत मी ‘जिन्यातील सौहार्दाचा ठराव’ लिहून काढला. पहिलं कलम, घरमालक आणि भाडेकरू जिन्यात समान आहेत. तिसरं कलम, शांतपणे बसण्याचा प्रत्येकाला हक्क आहे, मग तो कुठूनही आलेला असो. सहाव्यात सहिष्णुता घातली, ती कुठे ना कुठे घालावीच लागते. आणि सातवं कलम मला इतकं झकास सुचलं की मी स्वतःच स्वतःची पाठ थोपटली: ‘यापुढे इमारतीचे सर्व निर्णय याच पद्धतीने, म्हणजे मसुदा प्रसिद्ध करून व हरकतींसाठी मुदत देऊन घेतले जातील.’ मग एकेक प्रत प्रत्येकाच्या दाराखालून आत सरकवली. मुदत पाच दिवस.

एकाचीही हरकत नाही! वाचलाच नाही कुणी. गाण्याच्या बाईंकडे गेलो तेव्हा ठराव घडी करून त्यांच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली होता. चष्मेवाल्यांच्या दुकानात एका गिऱ्हाइकाचा चष्मा तिसऱ्या कलमात गुंडाळून दिलेला मी डोळ्यांनी पाहिला. तरीही मंजूर तो मंजूर. काल सही-शिक्का करून अध्यक्षांच्या हातात ठेवला. त्यांनी आधी लांबचा चष्मा लावला, मग जवळचा, आणि म्हणाले, “हे आम्ही कधी मान्य केलं?”

“गप्प राहून,” मी म्हटलं.

त्यांनी सातवं कलम दोनदा वाचलं. मग म्हणाले, “चांगली पद्धत आहे.” प्रतिपक्षानं इतक्या मोकळ्या मनानं हार मानलेली मी क्वचितच पाहिली आहे.


१० एप्रिल

सहमालक,

इमारतीत शांतता आहे. आजोबा खुर्चीत आहेत. नातीनं आजोबांच्या वतीनं मला सांगितलं की ते मला ‘खालचे कागदवाले’ म्हणतात. तेव्हा, हाताला जरा सवड आहे म्हणून, आणि ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही म्हणून, एक जुना प्रलंबित विषय मांडतो.

मसुदा असा: ‘दोन वर्षांपूर्वी घडलेल्या खेदजनक प्रसंगाबद्दल दोन्ही पक्षांनी खेद व्यक्त केला.’ बस, एवढंच. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. वीस एप्रिलपर्यंत मुदत.

तू म्हणशील, कसला प्रसंग ते तरी लिही. बरं. सहिष्णुतेच्या जागतिक जाहीरनाम्याची शेवटची बैठक होती. मसुदा मी वर्षभर अंगाखांद्यावर वाढवला होता. कैदेतल्या माणसांचा एक परिच्छेद होता, त्यावर एक देश अडून बसला, म्हणून तो काढला. बाकी एकमत झालं. अध्यक्षांनी हातोडी उचलली आणि विचारलं, “कुणाची हरकत?” सगळं सभागृह मिठाची गुळणी धरून बसलेलं. आणि तेवढ्यात प्रेक्षकांच्या सज्जातून आवाज आला, “माझी आहे!”

लहानपणी तू रडायला लागलीस की बाबा म्हणायचे, गिरणीचा भोंगा झाला. त्या सभागृहात शंभरेक माणसांच्या कानाला दुभाष्यांची यंत्रं होती. सगळ्यांनी ती एकदम काढून फेकली. परिच्छेद का काढला, त्यात माणसं होती, असं तू विचारत होतीस, आणि कुणीतरी ते सवयीनं पाच भाषांत भाषांतरही करत होतं.

रक्षकानं माझ्याकडे येऊन विचारलं, “या बाईंना ओळखता का?” मी म्हटलं, “या सभागृहात मी फक्त शिष्टमंडळांना ओळखतो.” वाक्य नियमाला धरून होतं. मी नंतर नियम काढून तपासला.

बाहेर नेताना तू माझ्याकडे बघितलंस. त्याचा उल्लेख मसुद्यात केलेला नाही.


२२ एप्रिल

भोंगे,

घात झाला.

आधी एक खुलासा. मी लिफ्ट वापरत नाही. एकमेकांना मान्यता न देणाऱ्या दोन देशांच्या राजदूतांबरोबर मी एकदा लिफ्टमध्ये अडकलो होतो. सुटका होईपर्यंत दोघंही फक्त माझ्याशी बोलत होते, एकमेकांबद्दल. तेव्हापासून जिना. चष्मेवाल्यांना हे ठाऊक आहे, कारण हा किस्सा मी त्यांना दोनदा सांगितलाय.

त्यांनी लिफ्टच्या आतल्या आरशाशेजारी नोटीस लावली. ‘चौथ्या मजल्यावरील भाडेकरूंनी सामायिक जागेचा गैरवापर केल्याने एप्रिलअखेर घर रिकामे करावे. वीस तारखेपर्यंत हरकत न आल्यास सर्वांची संमती आहे असे सखेद समजले जाईल.’ ‘सखेद’ हा शब्दसुद्धा माझ्याच ठरावातून उचललेला! शेवटी खाली कंसात, ‘कलम सात पाहावे.’

मी धापा टाकत दुकानात गेलो. ते एका म्हातारीला फ्रेम दाखवत होते. अगदी अदबीनं म्हणाले, “बसा. पाणी घ्या.”

“मला कुणी सांगितलं नाही!”

“लिफ्टमध्ये होतं. अख्ख्या इमारतीनं वाचलं.”

“मग एकानंही हरकत कशी घेतली नाही?”

“त्यांना वाटलं, तुम्ही घ्याल.”

शेरास सव्वाशेर म्हणतात तो हा. चष्मेवाले दुष्ट आहेत असं नाही. ते म्हणाले, “त्या लोकांशी माझं वैर नाही. पण आज एक खुर्ची, उद्या कपाट येईल.” मी त्यांना सांगितलं की त्या माणसांकडे कपाट नाही. पुन्हा चादरींच्या भिंतीत जावं लागेल त्यांना, आणि ऐकतो की तिथलीही त्यांची जागा आता दुसऱ्यांना दिली आहे. मुलीला शाळेत घेतलंय, तिची बाकावरची जागा खिडकीजवळ आहे. हे सगळं मी सांगितलं. ते चष्मा पुसत राहिले. “नियम तुमचाच आहे,” म्हणाले.

बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी भिंतीवरचा नकाशा काढून गुंडाळायला घेतला. एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या त्या गप्प राहण्याला संमती म्हणायची माझी छाती झाली नाही.

रात्रभर नियम उलटेपालटे केले आणि एक फट सापडली. नोटीस मालकाला पोचली पाहिजे, आणि लिफ्ट तुझ्या गावापर्यंत जात नाही. म्हणजे माझी मुदत संपली, पण तुझी नाही. तीस तारखेला इमारतीची सभा आहे, तोपर्यंत सहमालकाची लेखी हरकत अध्यक्षांच्या हातात पडली तर नोटीस रद्द.

भोंगे, हरकत घे. आयुष्यभर कुणी हरकत घेऊ नये म्हणून मी लोकांना चहा पाजले, जेवणं घातली, रुसलेल्या मंत्र्यांच्या मागून छत्री घेऊन पळालो. आज पहिल्यांदा हरकतीची भीक मागतोय, आणि तीही कुणाकडे, तर जी आईनं वाढलेल्या भातावरही हरकत घ्यायची तिच्याकडे. फुकट घेत होतीस तेव्हा! आता गरज आहे तर गप्प!

(शेवटची दोन वाक्यं खोडायची होती. वेळ नाही, टपाल निघतंय.)


२८ एप्रिल

भोंगे,

तुझं काही आलं नाही. मी आता रोज दोनदा लिफ्टमध्ये जाऊन येतो, उगीच, आरशाशेजारी काही लागलंय का बघायला.

आज दुपारी चहाचे दोन कप घेऊन वर गेलो आणि घरातून एक स्टूल आणून आजोबांच्या शेजारी बसलो. फर्निचर दुप्पट झालं, होऊ दे. आजोबा म्हणाले, “शुभ सकाळ.” मी म्हटलं, “शुभ सकाळ.” एवढ्यावर आमची सामायिक भाषा संपली. समोर गाण्याच्या बाईंची शिष्या सा लावत होती, तो काही लागत नव्हता.

भूगोलाच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आणि मी न विचारता बोलल्या. तिकडे माणसं उचलून न्यायला जे यायचे, ते बंद दार बघून यायचे. दाराबाहेर कुणी जागं बसलेलं असलं की पुढे जायचे, कारण साक्षीदार नको असायचा. म्हणून गल्लीत प्रत्येक घराचं एक माणूस आळीपाळीनं बाहेर बसायचं. “त्या रात्री पाळी यांची होती,” त्या आजोबांकडे बघून म्हणाल्या. “थंडी होती. थोडा वेळ शेकायला म्हणून आत आले. माझा नवरा झोपला होता. झोपेतच उठवून नेला.” आजोबांना भाषा कळत नव्हती, पण आपल्याबद्दल चाललंय हे कळत होतं. ते कपातल्या चहाकडे बघत राहिले.

माझ्याकडे शब्द होते, ‘तीव्र चिंता’ होती, ‘गंभीर दखल’ होती. मी इतकी वर्षं ते शब्द जगाला पुरवले. तिथं जिन्यात त्यातला एकही तोंडातून काढायची लाज वाटली. मला रडू आलं, भोंगे. आजोबांनीच मला स्वतःचा रुमाल दिला.

तेव्हा ठरवलंय. तुझी हरकत येवो न येवो, परवाच्या सभेत मी उभा राहून ओरडणार आहे. मुदतीबाहेर, नियमाबाहेर. ओरडणं मला येत नाही हे खरं. आज सकाळी न्हाणीघरात नळ सोडून सराव करून बघितला. ‘माझी हरकत आहे’ म्हणायला गेलो आणि तोंडातून निघालं, ‘आदरपूर्वक निदर्शनास आणू इच्छितो.’ परत केला. दुसऱ्या खेपेला खालच्या मजल्यावरच्यांनी विचारलं, पडलात का?

दादा


१ मे

भोंगे,

सांगतो, सगळं सांगतो.

सभा चष्म्याच्या दुकानात भरली, शटर अर्धं ओढून. आम्ही सगळे डोळे तपासायच्या त्या अक्षरांच्या तक्त्याखाली बसलो. यावेळी लोक बरेच आले होते, तमाशा फुकट असला की येतात. भूगोलाच्या बाई आणि मुलगी मागे उभ्या होत्या. आजोबा आले नाहीत, त्यांना दार सोडता येत नाही.

चष्मेवाल्यांनी नोटीस वाचली आणि विचारलं, “कुणाची हरकत?”

तीच शांतता, भोंगे. तीच! सभागृह संगमरवराचं असो की चष्म्यांच्या दुकानातलं, ही शांतता सगळीकडे सारखीच असते. प्रत्येक जण शेजारच्याकडे बघतो. त्या वेळी मला कळलं की तू सज्जात उभी राहिलीस तेव्हा तुला ते किती जड गेलं असेल. मला इतकी वर्षं वाटायचं, तुला ते सोपं जातं.

मी उभा राहिलो आणि ओरडलो, “माझी हरकत आहे!” आवाज मध्येच चिरकला. गाण्याच्या बाई लगेच म्हणाल्या, “श्वास पोटातून घ्या, आणि पुन्हा.” मी पोटातून घेतला आणि पुन्हा ओरडलो. काचेच्या कपाटातल्या फ्रेमा थरथरल्या.

“तुमची मुदत संपली आहे,” चष्मेवाले म्हणाले.

“तरी आहे!”

“मग माझीही लिहून घ्या,” गाण्याच्या बाई म्हणाल्या.

“अहो, पहिली तक्रार तुमचीच होती!”

“तक्रार केली होती. हाकला असं कुठं म्हटलं? आणि एक सांगते. मी एकटी राहते. रात्री दाराला दोन कड्या आणि मागे टेबल लावायची. हा माणूस समोर बसायला लागल्यापासून मी दुसरी कडी लावत नाही. टेबल जाग्यावर गेलं, म्हणून तर त्याच्या पायाखाली तुमचा तो कागद घालावा लागला.” शेवटचं माझ्याकडे बघून म्हणाल्या.

मग दोन-चार हात वर झाले. त्यांना बघून आणखी. चष्मेवाल्यांनी सगळ्यांकडे बघितलं, गल्ला उघडला आणि एक पाकीट काढलं. “सहमालकांची हरकत आज सकाळीच आली आहे. नियमाप्रमाणे नोटीस तशीही रद्दच होती. पण विषयपत्रिकेत पत्रव्यवहार शेवटी असतो.”

सकाळीच! आणि मला न्हाणीघरात घसा फोडायला लावला!

त्यांनी ती वाचून दाखवली. चार पानं. अक्षर इतकं मोठं की त्यांना जवळचा चष्मा लागला नाही. दुसऱ्या पानावर त्यांचा स्वतःचा आवाज आपोआप चढला, तिसऱ्या पानावर ते तुझ्या वतीनं स्वतःलाच झापत होते. चौथं पान संपल्यावर ते खाली बसले आणि पाणी प्यायले. मग म्हणाले, “या बाई इथं राहत होत्या तेव्हा मी अध्यक्ष नव्हतो, हे बरं झालं.”

नोटीस रद्द. माणसं राहणार. खुर्चीचा विषय पुढच्या सभेपर्यंत स्थगित केला आहे, कारण सगळंच एका बैठकीत सुटलं तर लोक पुन्हा कशाला भेटतील? वर येऊन आजोबांना सांगितलं. नातीनं भाषांतर केलं, माझ्या चार वाक्यांचं तिनं अख्खं भाषण केलं आणि तुझं ओरडणंही करून दाखवलं. नकाशा परत भिंतीवर गेला. अजून उलटाच आहे.

भोंगे, पाकिटात मी दोनदा बघितलं. चार पानं अध्यक्षांना होती. मला एक ओळ नव्हती. ठीक आहे. तू त्यांच्यासाठी बोललीस, माझ्याशी नाही, आणि त्यातला फरक न कळण्याइतका मी मूर्ख नाही. तेव्हा हा शेवटचा मसुदा: यापुढे मी तुला पत्रांचा त्रास देणार नाही. दहा मेपर्यंत हरकत न आल्यास हे मान्य आहे असं समजेन.

दादा


६ मे

दादा,

हरकत!

तुझ्या शेवटच्या पत्रातल्या शेवटच्या मसुद्याला. पत्रं येत राहतील. नाहीतर मी भांडू कुणाच्या कलमांशी?

आणि दोन वर्षं मी गप्प होते ती संमती नव्हती, तो राग होता. तू आपला पहिल्या पत्रापासून माझ्या रागावर सह्या घेत सुटलास. जगात गप्प बसलेली बहुतेक माणसं एक तर रागावलेली असतात नाहीतर भ्यालेली. एवढं आयुष्य त्या कचेरीत घालवलंस, हे तुला कुणीच कसं सांगितलं नाही? सांगितलं असेल. मौनाच्या मुदतीत सांगितलं असेल.

दहा एप्रिलच्या निवेदनाबद्दल. ‘दोन्ही पक्षांनी’ खोड. ‘खेदजनक प्रसंग’ खोड. उरलं ‘खेद व्यक्त केला’. त्याच्याखाली तू सही कर. मी साक्षीदार म्हणून करते.

त्या देशाचं नाव तू पहिल्या पत्रात लिहिलं नाहीस, तेव्हाच मला कळलं की तो परिच्छेद ज्यांचा होता, घर तू त्याच माणसांना शोधून दिलंस. तू कधीच कबूल करणार नाहीस, म्हणून मीच लिहून टाकते. पत्र वाचून रडले. हे मंजूर समजू नकोस. भूगोलाच्या बाईंना त्यांच्या नवऱ्याचं पूर्ण नाव विचारून ठेव. ते मी प्रत्येक दारात जाऊन विचारणार आहे, मोठ्यानं, आणि या वेळी तू माझ्या शेजारी उभा राहणार आहेस. रक्षकानं विचारलं तर सांगायचं, बहीण आहे. त्याचाही आधी सराव कर, नळ सोडून.

खुर्चीचा विषय स्थगित म्हणजे काय? खुर्ची तिथंच राहील. मी रविवारी येतेय. आणखी एक खुर्ची ठेव, स्टूल नको, माझी पाठ धरते. आजोबांना सांग, रविवारी रात्री आत जाऊन पलंगावर झोपायचं, दारात मी बसते. साक्षीदार म्हणून माझ्याइतका आवाज त्यांना कुठे मिळणार नाही.

आणि तोवर त्यांना ‘शुभ रात्री’ म्हणायला शिकव.

भोंगा